टीव्हीमागचा उजेड

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते चिकटतात. मी टीव्हीच्या मागं जी लाईटची पट्टी लावतो तिच्यापेक्षा तर नक्कीच जास्त! पट्टी धुळीनं सुटते. किस्सा धुळीनं आणखी घट्ट बसतो. भावकीतल्या एकेका टीव्हीमागून मी एवढी धूळ काढलीय की साठणारच. टपरीवर दोस्त बसले की सुरू होतात, "अक्षा, गुरुजींचा सांग," "अरे, उंदरांचा सांग." मी सांगतो, ते हसतात, कपावर कप होतात. एक मात्र मी अजून टपरीवर सांगितलेला नाही. तो शेवटी.

आधी काम काय ते. मोठा टीव्ही असतो ना, त्रेचाळीस, पंचावन्न इंची, त्याच्या पाठीला कडेकडेनं एलईडीची पट्टी चिकटवायची. मागच्या भिंतीवर उजेड पडतो, रिमोटनं रंग बदलतो, डोळ्यांना त्रास कमी होतो. अवघड काही नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून कुणीही घरच्या घरी करू शकतं. पण आमच्याकडं कुणी काही करत नाही, दुसऱ्यानं केलेलं कसं चुकलं तेवढं सांगतात. म्हणून मला काम मिळालं.

आमचं गाव जामखेडच्या पलीकडं. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. तिथं माणसं कोयत्यानं मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रकात टाकते. माझ्या आईनं एकोणीस हंगाम मोळ्या वाहिल्या. गेल्या उन्हाळ्यात तिचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, कधीच नाही. त्याच उन्हाळ्यात मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून घरी आलो. आमच्या सरांना सोल्डरिंग येत नव्हतं, आणि मी ते सगळ्या वर्गासमोर बोललो, एवढंच कारण. घरच्यांनी लगेच हिशोब जुळवला. आईच्या जागी मी! वडील, म्हणजे अण्णा, तोडणार, मी मोळ्या टाकणार. कोयता पूर्ण.

नागपंचमी नुकतीच झालेली. आमच्या ओट्यावर बैठक बसली. बापू म्हणजे अण्णांचे चुलत भाऊ, आणि आमच्या टोळीचे मुकादम. ते म्हणाले, "शाळा सोडलीस, आता ऊस सोडायचा न्हाई."

मी म्हणालो, "मी येणार न्हाई. माझा धंदा हाय."

"कसला?"

"टीव्हीमागं लाईट लावायचा."

सगळे हसले. अण्णासुद्धा! ते कधी हसत नाहीत, पण माझ्यावर हसायची संधी त्यांनी सोडली नाही. मग बापूंनी अट घातली. "दसऱ्यापतोर भावकीत पंधरा घरं कर. पंधरा भिंतींवर तुझी लाईट दिसली तर तू सुटलास. न्हाईतर गपगुमान ट्रकात बसायचं."

अण्णा म्हणाले, "चालतंय."

मीही म्हणालो, "चालतंय."

आई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

*

पहिली पट्टी आमच्याच घरात लावली. गेल्या दसऱ्याला अण्णांनी भिंतीला हिरवा ऑइलपेंट दिलेला, आरशासारखा चकचकीत. पट्टी लावली तर भिंतीवर उजेड पडायच्या ऐवजी एकेक एलईडी वेगळा दिसायला लागला. जणू कुणी शंभर टिकल्या लावल्यात! तेव्हा कळलं की या कामाला भिंत मळकट, बिनचमकेची लागते. मी पॉलिशपेपर आणला आणि टीव्हीमागची भिंत घासून काढली.

अण्णा आले. उजेडाकडं बघितलंच नाही, घासलेल्या रंगाकडं बघितलं.

"बघायचं पुढं असतंय. मागं उजेड करून काय करायचं?"

"डोळ्याला तरास कमी हुतो, अण्णा."

"मंग डिप्लोमा करताना डोळ्याला तरास हुत हुता का?"

आईनं उठून ट्यूब बंद केली, भिंतीला पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "बरं वाटतंय की." बापूंनी निरोप पाठवला, सोताचं घर मोजायचं न्हाई. म्हणजे मी शून्यावरच!

*

म्हणून थेट बापूंच्याच घरी गेलो. त्यांचा टीव्ही पासष्ट इंची. मुकादमाचा टीव्ही टोळीतल्या सगळ्यांपेक्षा मोठा असावाच लागतो, नाहीतर माणसं ऐकत नाहीत म्हणे. मी टीव्ही भिंतीवरून उतरवला, पाठ पुसली, पट्टी सोलायला घेतली तर बापू ओरडले, "आरं, मागं कुठं लावतूस?"

"मागंच लावतेत, बापू."

"येवढी चांगली लाईट आन् लपवून ठेवायची? पुढं लाव! रस्त्यावरनं दिसली पायजे."

मी समजावलं. म्हणालो, डोळ्यात जाईल, चित्र दिसणार नाही. ते म्हणाले, "तुझं शिक्षन अर्धं हाय, अर्धंच बोल."

लावली पुढं. चौकटीच्या कडेनं, चारी बाजूंनी, पांढरा उजेड, फुल्ल. ट्रकच्या हेडलाईटसमोर बसल्यासारखं! संध्याकाळी टोळीतली दहा-बारा माणसं बघायला आली. डोळे बारीक करून, कपाळावर हात धरून सगळे बसले. चित्र कुणालाच दिसत नव्हतं. एकजण म्हणाला, "लई भारी." दुसरा म्हणाला, "शेहरात पन असं न्हाई." माझे अण्णाही म्हणाले, "झ्याक दिसतंय." मुकादमाला कोण सांगणार?

चार दिवसांनी गेलो तर बापू एकटेच टीव्हीसमोर बसलेले. डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा.

"काय बापू, दिसतंय का?"

"आता बराबर दिसतंय!"

एक घर झालं.

*

गुरुजी नात्यानं माझे आजोबा लागतात, पण अख्खी भावकी त्यांना गुरुजीच म्हणते. चौथीपर्यंत मला त्यांनी शिकवलं. रिटायर झाल्यावर पंचावन्न इंची टीव्ही घेतला आणि भिंतीतल्या कपाटासमोरच टांगला. दुसरी भिंत मोकळी होती, पण तिथं त्यांच्या सत्काराचे फोटो.

मी स्टुलावर उभा, पंचावन्न इंच दोन्ही हातात, आणि गुरुजी खुर्चीतून विचारतात, "ओहमचा नियम सांग."

सांगितला.

"बरोबर आहे का ते बघावं लागेल." त्यांनी चष्मा लावला, मोबाईल काढला. रेंज नव्हती. "तोवर चूक धरू."

टीव्ही खाली ठेवला तसं मागच्या कपाटाचं दार आपोआप उघडलं. टीव्हीच्या आधारानंच ते बंद राहत असणार. आतून दोरीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा पायावर पडला. उचलला. हंगामी वसतिगृहाचे फॉर्म होते. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं गावातच राहून शिकावीत म्हणून तशी सोय असते. मास्तरांनी फॉर्म वर पाठवायचे, की पोरांची गावात जेवायची-राहायची व्यवस्था होते. वरच्या फॉर्मवर साल बघितलं, मी चौथीत होतो ते. सहावा फॉर्म माझा निघाला. खाली आईचा अंगठा, शाई जरा पसरलेली.

त्या वर्षी गुरुजींनी ओट्याओट्यावर सांगितलं होतं, "वरून मंजूर झालं नाही." आम्ही बावीस पोरं ट्रकात बसून कारखान्यावर गेलो. मी त्या थंडीत पाचटाच्या खोपीत बसून दुसऱ्याची तान्ही पोरगी सांभाळली. आल्यावर वर्गात मागं पडलो, आणि याच गुरुजींनी मला बाकावर उभं करून विचारलं होतं, "सहा महिने कुठं गवत उपटत होतास?"

मी गठ्ठा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी नीट बघितला, खोटं नाही सांगत, एकेक पान उलटून बघितलं.

"अरे हां. त्या वर्षी आमच्या शैलाचं लग्न होतं ना. राहून गेलं बघ."

मी गठ्ठ्याची दोरी परत बांधली.

"जाताना रद्दीत टाक," गुरुजी म्हणाले. "आणि रंग निळा ठेव. मनाला शांत वाटतं."

निळा ठेवला. दुसरं घर झालं.

*

दिगूकाका आणि शिवाकाका, सख्खे भाऊ. घराची वाटणी झाली, बैलाची झाली, पाट्या-वरवंट्याचीसुद्धा झाली. पाटा एकाकडं, वरवंटा दुसऱ्याकडं! टीव्ही मात्र एकच. म्हणून ठरलं, सहा महिने याच्याकडं, सहा महिने त्याच्याकडं. गौरी-गणपतीला टीव्ही या घरातून त्या घरात जायचा.

मी श्रावणात दिगूकाकांकडं पट्टी लावली. माझ्या डोक्यात वाटणीचं आलंच नाही. गणपतीला शिवाकाका टीव्ही न्यायला आले, तर दिगूकाका दारात आडवे.

"टीव्ही तुझा. पट्टी माझी."

"टीव्हीला चिकटल्याली हाय ती. टीव्हीबरूबर येनार."

"उद्या माझं पोरगं टीव्हीला चिकटलं, मंग त्येबी नेशील व्हय?"

आणि दिगूकाकांनी मागं हात घालून पट्टी ओढली! अर्धी त्यांच्या मुठीत आली, अर्धी टीव्हीला राहिली. राहिलेल्या अर्धीतला काही भाग लागायचा, काही नाही.

आता हे माझं एक घर धरायचं की दोन? बापूंच्या ओट्यावर यावर तासभर चर्चा झाली. सात म्हातारे, सगळे तावातावानं! आईचं ऑपरेशन करायचं की नाही यावर हीच सात माणसं पाच मिनिटं बसली होती, आणि त्यातली तीन तंबाखू मळण्यात गेली. शेवटी बापूंनी निकाल दिला.

"घरं दोन, टीव्ही एक, पट्टी तुटकी. अर्धं धरा."

*

सुभद्रा आत्या अण्णांची थोरली बहीण, गावातच दिलेली. तिच्याकडची पट्टी आठ दिवसांत सुटली. चूक माझीच. टीव्हीची पाठ स्पिरिटनं पुसायची असते, मी घाईत शर्टच्या बाहीनं पुसली होती. आत्यानं मला बोलवायचं ना! पण नाही. आमच्या मोठ्या माणसांना बोलावणं कमीपणाचं वाटतं. तिनं कणकेची खळ शिजवली, चांगली घट्ट, आणि सगळी पट्टी खळीनं चिकटवली. माझ्यापेक्षा पक्की बसली. गावभर सांगत सुटली, "डिप्लोमावाल्याला जमलं न्हाई, म्या चिकटिवली."

पाचव्या दिवशी निरोप आला, लाईट लागत नाही. गेलो. टीव्ही फिरवला. मागं पट्टीच नाही! चार कोपऱ्यांत चार तुकडे, आणि खालच्या फळीवर उंदरांच्या लेंड्या. खळीसकट दोन-अडीच मीटर एलईडी उंदरांनी फस्त केलेली.

मी डोक्याला हात लावला. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय बी म्हन अक्षा, तुझ्या लाईटीला चव हाय."

बापूंनी ते घर वजा केलं. मध्ये तीन घरं सरळ पार पडली होती, त्यांचे किस्से झाले नाहीत. सरळ कामाचा किस्सा होत नाही. एकूण साडेपाच. आणि मग पितृपक्ष लागला. पंधरा दिवस कुणी नवी वस्तू घरात घेईना. "मेलेल्यांच्या दिवसांत रंगीत लाईट लावतूस व्हय?" असं मला जिवंत माणसांनी विचारलं.

अण्णा त्या पंधरा दिवसांत माझ्यासाठी कोयता घेऊन आले. नवाकोरा. माझ्या अंथरुणाशेजारी ठेवला. आईनं तो उचलून माळवदाच्या खुंटीला अडकवला.

*

मला वाचवलं रामा तात्यानं. हा माणूस आयुष्यात कुणाच्या उपयोगी पडलेला नाही, आणि पडायचा त्याचा विचारही नव्हता.

घटस्थापनेच्या दिवशी तात्यानं मला बाजूला घेतलं. इकडंतिकडं बघितलं. "अक्षा, ही लाईट टीव्ही बंद असताना लागती का?"

"लागती. चार्जरवर जोडायची."

"आन् आपोआप?"

"टायमरचा सॉकेट मिळतो. सात वाजता लागंल, धाला बंद हुईल."

तात्याचे डोळे चमकले. "मंग लाव. आमी कारखान्यावर गेलो तरी भायेरनं वाटलं पायजे, मानसं टीव्ही बघत बसल्यात. चोर येनार न्हाई."

"तात्या, तुमी ट्रकात बसून जाताना सारं गाव बघनार हाय."

"गाव बघंल. चोर थोडाच बघतो?"

"चोर भायेरगावचा हाय व्हय?"

"छ्या! गावातलाच हाय. माझी पान्याची मोटार नेली. मला नाव म्हाईत हाय त्याचं!"

माझं काय जात होतं? खिडकीतून उजेड दिसेल अशी पट्टी लावली, टायमर बसवला, लावून दाखवला. तात्या अंगणात जाऊन, लांबून, आडवा होऊन, सगळीकडून बघून आला. खूश!

जाता जाता विचारलं, "तात्या, दाराला कुलूप लावनार का?"

"मंग! उघडं टाकून जाऊ व्हय? भायेरनं चांगलं वीतभर कुलूप लावनार!"

*

हे गावात पसरलं आणि माझं नशीब उघडलं. नऊ दिवसांत आठ घरं. सगळ्यांना टीव्हीमागं उजेड पाहिजे, आणि कुणालाच टीव्ही बघायचा नाही. मी सकाळी सुरू करायचो ते दिवेलागणीपर्यंत. कात्री, स्पिरिटची बाटली, सॉकेट, पट्टीचे रोल. हात बसला. कोपरा न दुमडता वळवायला लागलो. खोटं कशाला बोलू, मी त्या नऊ दिवसांत सुखी होतो. गाव सोडून जाणाऱ्यांच्या जोरावर मी गावात राहणार होतो, हे मला दिसत होतं. दिसूनही बरं वाटत होतं.

साडेचौदा झाली. शेवटचं घर पांडूदादाचं, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा चुलतभाऊ. त्यालाही तेच पाहिजे, सात ते दहा, आपोआप. मी पट्टी कापत होतो. खोलीत कोपऱ्यात त्याचा बाप, माझा म्हातारा चुलता, बाजेवर गोधडी घेऊन बसलेला.

मी विचारलं, "दादा, म्हातारबा पन येनार हायेत का कारखान्यावर?"

"त्यो कशाला? त्यो हितंच. शेजारीन भाकर देती त्याला."

"मंग घरात मानूस हाय की! टायमर कशाला?"

पांडूदादा माझ्याकडं असं बघायला लागला जणू मीच वेडा. "आरं, त्याला कोन मोजतंय!"

मला वाटलं म्हातारा ऐकून काहीतरी बोलेल. शिवी तरी देईल. मी टायमर लावला, भिंत निळी-पांढरी झाली. म्हातारा गोधडी सारून तिकडं वळला.

"बरं झालं," तो म्हणाला. "घरात कुनीतरी हाय आसं वाटंल."

*

दसऱ्याला सोनं वाटायला बापूंच्या ओट्यावर गेलो. बापूंनी बोटांवर घरं मोजली, दोनदा. उंदरांचं वजा केलं, दिगू-शिवाचं अर्धं धरलं. "साडेपंधरा," म्हणाले. "अर्धं जास्तीचं." सगळे हसले, मीही हसलो. अण्णांना मी आपट्याचं पान दिलं, पाया पडलो. ते म्हणाले, "बरं."

बापू म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द. पोरगं सुटलं."

मी सुटलो. मग अण्णांच्या जोडीला कोण? बापू बघतील, टोळीत एखादा सडा माणूस असतोच, तो अण्णांबरोबर लावतील, असं मी धरून चाललो होतो. दोन महिने धरून चाललो होतो. एकदाही तोंडानं विचारलं नाही. म्हाताऱ्यांना मी इतका वेळ शिव्या घालतोय, तर हे पण लिहून ठेवतो.

ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचा होता. सकाळी मला कर्जतहून फोन आला. एका दवाखान्याच्या वेटिंगमध्ये टीव्ही आहे, लाईट लावता का? भावकीबाहेरचं पहिलं काम! मी उड्या मारतच चुलीपाशी गेलो आणि आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. नेहमीपेक्षा जास्त, टोपलं भरत आलेलं. वाटलं, अण्णांना वाटेत लागतील.

"चांगलं झालं," आई म्हणाली. मग हात न थांबवता म्हणाली, "आपल्याबी टीव्हीला त्ये आपोआप लागायचं बशीव."

"आपल्याला कशाला? मी हाय, तू हायस."

"तू कामाला जानार. यायला उशीर हुईल. दिवेलागनीला घर अंधारात नगं."

"आगं, पन तू असतीस ना घरी!"

"बशीव म्हनलं तर बशीव की रं. लोकांच्यात लावत फिरतूस."

ते मला लागलं. खरंच होतं, घरच्याला मी कसर ठेवली होती. एक सॉकेट उरला होता. टीव्ही खाली घेतला, नवीन पट्टी लावली, वायर भिंतीच्या कडेनं नीट दाबून घेतली. एवढं सफाईदार काम मी भावकीत कुणाकडं केलं नव्हतं. लावून बघितली. आईला हाक मारली, पण ती घरात नव्हती. अण्णाही नव्हते. अण्णांची वळकटी तेवढी दारात होती, विसरली असेल म्हणून खांद्यावर टाकली आणि पाराकडं निघालो.

ट्रक भरला होता. खाली भांडी, पत्रे, बाजा, वर माणसं. शेळ्यासुद्धा. बापू काळा चष्मा लावून वही घेऊन उभे. नाव घ्यायचे आणि हात वर व्हायचे. दिगूकाका, एक कोयता. शिवाकाका, एक कोयता. रामा तात्या, एक कोयता. मग अण्णांचं नाव घेतलं. अण्णांनी हात वर केला. त्यांच्या शेजारी पत्र्याच्या पेटीवर आई बसलेली. डोक्याला फडकं आवळून बांधलेलं, अंगात अण्णांचा जुना फुल्ल बाह्यांचा शर्ट, मांडीवर भाकरीचं टोपलं.

"एक कोयता," बापू म्हणाले आणि पान उलटलं.

मी वळकटी खांद्यावर घेऊन तसाच उभा. अण्णांनी वरून हात घातला, वळकटी ओढून घेतली. माझ्याकडं बघितलं नाही. ट्रक सुरू झाला, पोरं ओरडली, शेळ्या ओरडल्या.

आई वाकली. मला वाटलं ती काहीतरी बोलणार, जपून रहा, जेवत जा, असलं काहीतरी.

"सातला लागंल ना रं?"

"लागंल," मी म्हणालो.